सिंहाच्या चार पायांसाठी

नाण्याचा फोटो कसा काढावा, हे कैरोत कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! निदान त्या बुधवारपर्यंत तरी मी छाती फुगवून असंच सांगत होतो.

माझ्याकडे बैबर्स सुलतानाचं चांदीचं नाणं होतं. त्यावर सुलतानाचा सिंह. पण सात शतकं लोकांच्या मुठीत घासून घासून बिचाऱ्याची पार रया गेलेली. आमच्या नाणेप्रेमी मंडळाचं प्रदर्शन भरायचं होतं आणि एका नाण्याचा भलामोठा फोटो अगदी दारात लागणार होता. तो मान माझ्या सिंहालाच, असं मी कॉफीखान्यात सगळ्यांदेखत जाहीर करून बसलो!

मंडळाचे चिटणीस डॉक्टर इज्जत. पेशाने दंतवैद्य. नाण्याकडेसुद्धा किडलेल्या दाढेकडे बघावं तसे बघतात.

"रिफअत अफंदी, हा सिंह आहे की उशी?"

"सिंह!"

"मग पाय कुठायत?"

"आहेत की! नीट उजेड पडला की दिसतात."

"बरं. उद्या सूर्य मावळून मगरिबची बांग व्हायच्या आत फोटो पाठवा. चार पाय दिसले तर दारात तुमचा सिंह. नाहीतर माझा दिनार."

घरी येऊन हे बायकोला सांगितलं मात्र, आमच्या समियाच्या आईने मशिदीच्या मुअज्जिनापासून भाजीवालीपर्यंत अख्ख्या गल्लीला प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं. आता माघार कसली!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकलं आणि कामाला लागलो. आधी ट्यूबलाइटखाली फोटो काढला. नाणं तव्यावरच्या अंड्यासारखं पांढरंफटक! मग फ्लॅश मारून बघितला. त्यात सिंह नव्हता, माझं नाक होतं. मग टेबलावरचा दिवा खाली, अगदी नाण्याच्या कडेला टेकवला. आणि काय सांगू! तिरप्या उजेडात सिंहाची पाठ उठून आली, शेपूट वळवळली! पण पाय मात्र काळोखात.

"उजेड तिरपा हवा, पण मऊ हवा," मी म्हणालो. "मध्ये काहीतरी पांढरं पातळ धरायला हवं."

"गच्चीवर जा," समियाची आई म्हणाली. "असरच्या नमाजानंतरचं, उतरतीचं ऊन तिरपंच असतं. आणि माझ्या स्वयंपाकघरातून तो पसारा उचला, मला मुलुखियाची भाजी चिरायचीय."

बायको म्हणजे बायको! मी स्टूल, काळं कापड, नाणं, लांब दांड्याचा झाडू आणि कपाटातली एक पांढरीशुभ्र चादर घेऊन गच्ची गाठली. चादर कुणाची, कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं. रेडिओही नेला, कारण त्या वेळी शेख अब्दुल-मुइज्ज यांचं प्रवचन असतं. शेखसाहेब प्रवचन बोलत नाहीत, गातात! त्यांनी "या नूर", म्हणजे "हे उजेडा", म्हणून सूर लावला की माझ्या हातातला चहा गार होतो आणि डोळे ओले.

चादर झाडूला बांधली. झाडू उंच धरला. अहाहा! उन्हाचं नुसतं लोणी झालं! फक्त चादर किती वर, किती खाली, ते जमेना. म्हणून मी ती हलवत राहिलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणि शेखसाहेबांबरोबर मीही गळा मोकळा सोडला, "याऽऽऽ नूऽऽऽर!"

आता, असरनंतर कैरोच्या गच्चीवर काठीला पांढरं फडकं बांधून जो हलवतो आणि लांब हाक घालतो, तो कोण असतो? कबुतरवाला! हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र ते आठवलं तेव्हा पहिलं कबूतर झाडूच्या टोकावर येऊन बसलं होतं.

मागोमाग सगळा थवाच उतरला! डिश अँटेनावर कबुतरं, वाळत घातलेल्या कपड्यांवर कबुतरं, माझ्या टोपीवर एक! आणि समोरच्या गच्चीवरच्या उंच ढाबळीतून आरोळी आली.

"रिफअत अफंदी! लाज नाही वाटत?"

उस्ताद झिनहूम! हा नळकाम करतो, पण जीव कबुतरांत. आणि या लोकांचा कायदा असा की, आपल्या गच्चीवर उतरलं ते आपलं.

"अहो उस्ताद, मी फोटो काढतोय!"

"फोटो? पाच वक्ताचा नमाजी माणूस तुम्ही, आणि या वयात शिकार?"

पलीकडच्या गच्चीवर झिनहूमचा जुना वैरी हमदी टाळ्या पिटत होता. "शाबास अफंदी! ती निळ्या मानेची सोडू नका! मका पाठवू का?"

"तू गप बस रे!" झिनहूम गरजला आणि जिने उतरून, गल्ली ओलांडून, आमचे जिने चढत धापा टाकत येऊन उभा ठाकला. मागे निम्मी गल्ली. सगळ्यांत मागे विळी हातात घेऊन समियाची आई.

"माझी निळ्या मानेची फिरदौस द्या!" झिनहूम म्हणाला.

"न्या की! सगळीच न्या! पण माझी मगरिब होत आली हो. एवढा झाडू धरा. तुम्हीच बघा मी काय करतोय ते."

झिनहूमने संशयाने झाडू धरला. कबुतरवाल्याचा हात तो! चादर जागच्या जागी थांबली, केसभर हलली नाही. फिरदौस त्याच्या खांद्यावर जाऊन बसली. मी श्वास रोखून बटण दाबलं.

"आला का सिंह?" झिनहूमने विचारलं.

सिंह आला होता. चारही पाय, पंजे, मिशासुद्धा!

"अल्लाहू अकबर!" गल्ली ओरडली. झिनहूमने मला मिठी मारली. "तुमच्यावर आळ घेतला अफंदी, माफ करा. फक्त असरच्या वेळी चादर हलवू नका."

"समियाच्या लग्नासाठी ठेवलेली चादर!" समियाची आई किंचाळली. चादरीवर फिरदौसने आपली मोहोर उमटवली होती.

पण माझं लक्षच नव्हतं. मी फोटो मोठा करून बघत होतो. सिंहाच्या पोटावर बारीक बारीक भोकं, रव्याच्या केकवर पडतात तशी. आणि कडेला गोल फिरलेली एक बारीक रेघ. टांकसाळीत ठोकलेल्या खऱ्या नाण्याला ही रेघ नसते, भोकंही नसतात. ती असतात साच्यात ओतलेल्याला. माझा सिंह बैबर्सच्या टांकसाळीतला नव्हता, कुठल्यातरी लबाडाच्या भट्टीतला होता!

खरं सांगतो, ट्यूबलाइटचा तो पांढराफटक फोटो पाठवावा असं मनात आलं. त्यात पाय नव्हते, पण भोकंही नव्हती. पण रेडिओवर शेखसाहेब अजून उजेडालाच आळवत होते. त्यांच्यादेखत कसं जमणार! मी खरा फोटो पाठवला आणि अंथरुणात तोंड लपवून पडलो.

रात्री डॉक्टरांचा फोन. "रिफअत अफंदी, काय उजेड आहे! असा फोटो मंडळाच्या इतिहासात झाला नाही. दारात तुमचाच सिंह लागणार."

त्यांना ती भोकं दिसली नाहीत की काय, मला काही कळेना. तरी नवा कोट घालून, समियाची आई, झिनहूम आणि अख्खी गल्ली घेऊन प्रदर्शनाला गेलो. दारात माझा सिंह होता. पुरुषभर उंच, चारही पायांवर उभा. आणि खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं : "बनावट नाणं कसं ओळखावं. संग्राहक : श्री. रिफअत."

"वाचा ना, काय लिहिलंय?" झिनहूमने कौतुकाने विचारलं. त्याला वाचता येत नाही. आमच्या सौभाग्यवतींना मात्र येतं!