नाना पोतनीसांची पाइपलाइन

सकाळी नळ यायच्या वेळी इंदूरच्या आमच्या गल्लीत एखादा माणूस लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावून वाकलेला दिसला, तर घाबरू नका. ते नाना पोतनीस. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय, ते ऐकतायत. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात नोकरी केली. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला नाही. "भिया, तुमच्या गेटखालचा जॉइंट गेला," असं ते इंदुरी थाटात म्हणाले की मी वाद घालत नाही. दोनदा घातला होता. दोन्ही वेळा खोदल्यावर पाणी निघालं.

त्यांचे पूर्वज दरबाराचा खजिना सांभाळत. घरात भिंतीवर एक तलवारही आहे. पाहुणे तिच्याकडे आदराने बघायला लागले की नाना सांगतात, "खजिनदाराची आहे. म्हणून तर इतकी नवी राहिली."

काही वर्षांपूर्वी नानांना पार्किन्सन्स झाला. दुसरा कोणी खचला असता. नानांनी आजाराला ओळखीचे शब्द दिले. हातपाय चालतात तेव्हा 'सप्लाय चालू', पाय जमिनीला चिकटतात तेव्हा 'लाइन बंद'. गोळी म्हणजे टँकर. "टँकरचं कसं असतं, येईपर्यंत वाट बघा, आला की एकदम धो-धो, आणि मग ठणठणाट." जेवणातल्या प्रथिनांमुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुरीच्या डाळीला ते 'चोकअप' म्हणत. हळूहळू दिवसातले पाच-सहा तास लाइन बंद राहायला लागली आणि टँकर वाढवून भागेना.

तेव्हा डॉक्टरांनी पंप सुचवला. मोबाइलएवढं यंत्र कमरेला, त्यातून बारीक नळी, टोकाला सुई, ती पोटाच्या कातडीखाली. सकाळी लावायचा, झोपताना काढायचा. दिवसभर औषध थोडं-थोडं आत जात राहतं. पंधरा दिवसांची ट्रायल. फरक पडला तर पंप राहील, नाही तर पुन्हा टँकर.

कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत एक पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रकिनारी हसत पळत होतं. इंदूरहून समुद्र लांब आहे, आणि इतकं हसणं धडधाकट माणसालाही जमत नाही. मी ती बाजूला ठेवली. नानांनी मात्र तिच्यातलं एकच पान वाचलं, तासाला किती मिली जातं ते. मग म्हणाले, "डायरेक्ट लाइन आहे. अपन तयार."

पंप लावायला शिकवायला सिस्टर ज्योती यायची. जवळच्याच मानपूरची मुलगी, बोलायला तिखट. पहिले तीन दिवस सकाळी नाना गेटपर्यंत असे चालत आले की कुमुदकाकूंनी, त्यांच्या बायकोने, दारातच डोळ्यांना पदर लावला.

चौथ्या दिवशी दुपारी मला काकूंची हाक आली. नाना दाराच्या चौकटीत थिजून उभे. हातातली पोह्यांची बशी तिरपी झालेली, शेव एक-एक करून खाली पडतेय, आणि नाना तिच्याकडे नुसते बघतायत. सिस्टर आली, तिने पंप तपासला.

"अंकलजी, ये तो साढ़े बारह से बंद है! कल भी बंद था, परसों भी!"

"मैंने ही बंद किया," नाना पुटपुटले. "दोपहर को कौन पानी भरता है?"

"डॉक्टर साहब समझेंगे पंप से फायदा नहीं हुआ। निकलवा देंगे!"

"शाम को प्रेशर फुल मिलना चाहिए ना. थोडा स्टॉक…"

"शरीर में टंकी नहीं होती, अंकलजी! बंद किया तो बंद।"

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "स्टोरेजच नाही?" ते मला म्हणाले. "मग ही कसली स्कीम, भिया?"

"पर शाम को है क्या?" सिस्टरने विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "सातला माझे थेंब असतात."

काकूंना काचबिंदू आहे. रोज सातला डोळ्यांत थेंब. वर्षानुवर्षं ते नानाच टाकायचे. मग त्यांचा हात ऐकेना, थेंब गालावर पडायला लागले, आणि गेली दोन वर्षं माझी बायको जाऊन टाकायची. त्या वेळी नाना नेमके गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जायचे. मला वाटायचं, टाकीची हौस.

सिस्टरने पंप चालू केला. त्यानंतर ती नानांवर रागावल्याचं मी ऐकलं नाही.

दहाव्या दिवशी सातला बायको नेहमीप्रमाणे निघाली, मीही बरोबर गेलो. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या. नानांनी कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवलं होतं. पहिला थेंब गालावर गेला. दुसरा डोळ्यात.

"पडला," काकू म्हणाल्या.

"वहिनी," नाना न वळता माझ्या बायकोला म्हणाले, "दोन वर्षं केलंत. आता नाही आलात तरी चालेल. पण या."

पुढे डॉक्टरांनी पंप ठेवला. पुस्तिका छापणाऱ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले. ते समुद्रकिनाऱ्यावर पळणारं जोडपंही मी त्यांना माफ केलं.

थेंब टाकल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं धरायचं असतं, औषध घशात उतरू नये म्हणून. त्या दहाव्या दिवशीच्या संध्याकाळी नानांनी तसं बोट धरलं. काकूंनी डोळे मिटले. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

"झालं ना हो?" काकूंनी विचारलं.

"थांब जरा," नाना म्हणाले.