‘ताबा’ची अडीच पानं

“मला काय करायचंय! दाबून धरणं तर दाबून धरणं,” मुद्रितशोधक काका प्रुफावर वाकून स्वतःशीच पुटपुटले. शेजारच्या टेबलावर शब्दांची कार्डं लावणाऱ्या बाईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. शब्दकोशाच्या त्या कचेरीत ही कला सगळ्यांनाच येत होती.

भानगड ‘ताबा’ या शब्दाची होती. मुख्य संपादकांनी, म्हणजे साहेबांनी, त्याची व्युत्पत्ती जातीने लिहिली होती : ‘दाब’पासून, दाबून ठेवतो तो ताबा. शब्द अरबीतून आलाय आणि मुळात त्याचा अर्थ मागून चालणारा, आज्ञेतला, हे काकांना ठाऊक होतं, बाईंनाही होतं. पण साहेबांना ‘चुकलं’ म्हणायची तिथे पद्धत नव्हती. समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचं आणि प्रूफ आत पाठवायचं. पुढचं ज्याचं त्याने समजायचं.

साहेब समजले. खुलासा कमी पडतोय! त्यांनी एक परिच्छेद वाढवला.

काकांनी दुसरं प्रश्नचिन्ह काढलं, जरा ठळक. साहेबांनी हत्ती, घोडा आणि सासू अशी तीन उदाहरणं घातली. तिसऱ्या चिन्हाखाली काकांनी रेघ ओढली, तेव्हा तर साहेब खूशच झाले. “बघा, वाचकाला भूक आहे!” दुपारपर्यंत ‘ताबा’ अडीच पानांवर गेला.

“अहो काका, पुरे करा ती चिन्हं,” बाई म्हणाल्या.

“मग काय करू? तोंडाने सांगू?” काका दचकले. “निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या!”

एका वेळी छापायचा फर्मा सोळा पानांचा. सोळा म्हणजे सोळाच. त्यात छापखान्याचा माणूस येऊन दारात उभा. “पाचपर्यंत द्या, नाहीतर मशीनवर कॅलेंडरं चढवतो.” साहेबांनी लाल पेन उचललं आणि पुढचे शब्द उडवायला घेतले. ‘तारांबळ’ गेला. ‘ताव’ गेला. पेन ‘तास’वर आलं.

“तेवढा ठेवा साहेब,” छापखानावाला कळवळला. “आम्हाला रोज लागतो.”

बाई उठल्या. शाळा सातवीतच सुटलेली. पण एकोणीस वर्षं दुसऱ्यांची कार्डं लावून अशी सवय जडली होती, की घरी मुलांनाही त्या अक्षरक्रमाने हाका मारत. अख्ख्या कोशात त्यांनी स्वतः लिहिलेला शब्द एकच. ‘तारांबळ’. चार ओळी, आणि खाली त्यांची आद्याक्षरं. नवऱ्याला, दोन्ही जावांना सांगून झालं होतं.

“साहेब, ‘तारांबळ’ काढू नका.”

“बाई, जागा नाही.”

“आहे की. ‘ताबा’त आहे.”

काकांना ठसका लागला.

“त्यातलं काय काढणार? लोकच मागतायत,” साहेबांनी प्रश्नचिन्हांवर बोट ठेवलं.

“लोक नाही मागत. काका ओरडतायत.”

“मी? मी कुठे...” काकांनी प्रुफात तोंड खुपसलं.

“साहेब, ‘ताबेदार’ म्हणजे कोण हो?”

“नोकर.”

“दाबण्यावरून निघाला असता, तर मालक नसता झाला?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तुमचं म्हणणं काय आहे, बाई? स्पष्ट बोला.”

“तुमचं चुकलंय, साहेब. पहिल्याच ओळीत.”