आईबाप काळे पडेपर्यंत

चौथ्या खेपेची अंडी सोमवारी सकाळी दिसली आणि त्याच क्षणी चष्मेवाल्यांच्या घरात बोलणं बंद झालं.

डिस्कस मासा म्हणजे ताटलीएवढा गोल, दिसायला देखणा आणि स्वभावाने महाभित्रा. दचकला की स्वतःची अंडी स्वतःच खाऊन मोकळा होतो. चष्मेवाल्यांकडच्या जोडीने पहिली खेप कुकरच्या शिट्टीला खाल्ली, दुसरी दाराच्या घंटीला आणि तिसरी बायकोच्या आईच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पिवळ्याधमक गाऊनला. "मादी आता थकलीय," शोभेच्या माशांच्या दुकानदाराने बजावलं होतं, "ही शेवटचीच खेप समजा." चष्मेवाल्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून आपली कुणाला गरज उरली नाही, असं त्यांना वाटायचं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढून घरी आलं की या टाकीसमोरच त्यांना जरा बरं वाटे.

म्हणून त्यांनी घंटीची तार काढली, पडदे ओढले, कडीचा आवाज नको म्हणून दार नुसतंच लोटून ठेवलं. उजळ रंगांना मासे बिचकतात म्हणून बायको, सासूबाई आणि ते स्वतः अशा तिघांनीही काळे कपडे घातले. बोलायचं असेल तर चिठ्ठी लिहायची. पायांत मोजे असल्यामुळे कोण कधी पाठीमागे येऊन उभं राहील याचा नेम उरला नाही. बायको एकदा वळली तर नाकासमोर सासूबाई. तिने किंकाळी कशीबशी गिळली, आणि तिचा लागलेला ठसका न्हाणीघरात जाऊन काढला.

गुरुवारी अंडी फुटली. रविवारी सकाळी पिल्लं पोहू लागली, आणि खरी परीक्षा आता होती. या पिल्लांनी आईबापांच्या अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर खायचा असतो. दुसरं काही त्यांना चालत नाही. दिवसभरात ती चिकटली नाहीत तर उपाशी मरतात.

चष्मेवाले श्वास रोखून काचेपाशी वाकले. दीडशे पिल्लं वर आली, आईबापांना वळसा घालून सरळ पुढे आली आणि चष्मेवाल्यांच्या तोंडासमोर थांबली. ते डावीकडे सरकले. पिल्लंही डावीकडे सरकली. ते खाली बसले. पिल्लं खाली उतरली. तीनशे डोळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी न्हाणीघरात जाऊन दुकानदाराला फोन लावला.

"पिल्लं सगळ्यात काळं जे दिसेल त्याच्याकडे जातात," दुकानदार म्हणाला. "आईबाप त्यांच्यासाठी अंग काळं करतात ना, म्हणून. तुमची जोडी फिकट राहिलीय का?"

"हो."

"मग त्यांच्यापेक्षा काळं आसपास काय आहे?"

चष्मेवाल्यांनी आरशात पाहिलं. "मी," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "आणि आमच्याकडे माझ्यासारखी आणखी दोन आहेत."

अर्ध्या तासात घर पांढरं झालं. पडद्यांवर, कपाटावर, खुर्च्यांवर चादरी चढल्या. त्यांनी दुकानातला पांढरा कोट घातला, बायकोने पांढरा गाऊन चढवला. सासूबाईंकडे पांढरं काहीच नव्हतं, म्हणून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळून स्वयंपाकघरात बसवलं. पिल्लं आता टाकीभर दिशाहीन फिरत होती. आईबाप मात्र फिकटच.

दुपारी शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आले. आठवडाभर पडदे ओढलेले, घंटी वाजत नाही, सासूबाई दिसत नाहीत, हे त्यांनी गॅलरीतून टिपलं होतं. दार ढकलून ते आत आले आणि जागीच थिजले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, सर," बायको कुजबुजली. "पण संध्याकाळपर्यंत सगळेच जातील असं हे म्हणतात."

"सगळे?"

"दीडशे आहेत."

सरांनी मागे सरकून भिंत चाचपली. तेवढ्यात त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि त्यांनी अशी काही बोंब ठोकली की काच थरथरली. ती ऐकून चादरीतल्या सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तेव्हा त्यांनी दुसरी ठोकली.

चष्मेवाल्यांनी डोळे गच्च मिटले. संपलं. खाल्ली. आता पुन्हा कधीच नाही.

"अहो, बघा तरी!" बायको कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलली.

दोन्ही मासे भीतीने कोळशासारखे काळे पडले होते. आणि दीडशे पिल्लं तिळासारखी त्यांच्या अंगाला चिकटून भराभरा खात होती. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उलटा घातला.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू! आमच्या आईंना बघून तुम्ही ओरडलात म्हणून..."

"त्या तर नंतर आल्या," पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून सर म्हणाले. "मी ओरडलो ते त्या दुसऱ्या आजींना बघून. त्या कपाटाशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या ना, पांढऱ्या कपड्यातल्या. माझ्याकडे बघून हसल्या."

"दुसऱ्या कुठल्या?" सासूबाईंनी चादर घट्ट आवळून घेतली. "घरात म्हातारी मी एकटीच आहे."

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर नुसती चादर होती, पण बसायच्या जागी ती खोलगट दबलेली होती. बायकोने आईचा हात धरला. सर दाराच्या दिशेने इंच इंच सरकू लागले.

चष्मेवाल्यांचं मात्र लक्ष टाकीकडे होतं. माशांचा काळा रंग उतरू लागला होता. काठावरची चार-पाच पिल्लं सुटून भटकायला लागली होती, आणि दुसरं काही खाण्याइतकी मोठी व्हायला त्यांना अजून काही दिवस तरी लागणार होते. ते खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा अदबीने म्हणाले, "आजी, तुम्ही कोण ते मी विचारत नाही. राहा हवं तितके दिवस. पण पिल्लं लहान आहेत हो. तेवढं अधूनमधून..."

खोलीत कुणी हललं नाही, कुणी शिंकलंही नाही. टाकीतले दोन्ही मासे एकदम खुर्चीकडे वळले आणि शेपटीपर्यंत काळे पडले.

"आभारी आहे," चष्मेवाले म्हणाले आणि पिल्लं मोजायला बसले.