कारखान्याचा निकाल

आमच्या गावात दहावीच्या निकालाची वाट पोरं बघतात आणि कारखान्याच्या निकालाची म्हादूआबा.

माझं ऑनलाइन सेवा केंद्र बारामती-इंदापूर रस्त्याला लागूनच आहे. सातबारा, पीकविमा, आधार दुरुस्ती असली कामं. दसरा उरकला की आबा टोपी सारखी करत दारात उभे. "सूनबाई, लागला का निकाल?"

मी गावची सून, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांची सूनबाई. आणि निकाल म्हणजे काय, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला केमिकलचा कारखाना आहे. किती घाण पाणी आणि कुठलं विषारी रसायन बाहेर सोडलं, हे त्यानं दर वर्षी सरकारला लिहून द्यायचं असतं. तो अहवाल इंटरनेटवर टाकतात. वाचतं कोण? मी वाचते आणि आबा कीर्तनाला बसल्यासारखे डोळे मिटून ऐकतात.

"ओढ्यात सोडलेलं सांडपाणी, शून्य."

"आन् ते लांबड्या नावाचं?"

"ते पण शून्य."

आबा डोळे उघडतात. "शून्य मिळवून पास हुणारं जगात हे एकच पोरगं हाय बघा."

आबांची विहीर त्याच ओढ्याकाठी. पाणी दिसायला नितळ, पण अधूनमधून पहाटे त्याला गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. मग आबा दिसेल त्याला धरून विहिरीवर नेतात. ग्रामसेवक झाला, पोस्टमन झाला. एकदा शेजारी मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा टाकून आबांच्या विहिरीत वाकून वास घेत उभे होते. तोवर वास गेलेला असतो ते वेगळंच. आबा म्हणतात, "वास बी लबाड हाय. मानसं बघितली की पळतो."

मागं एकदा मी वैतागले. म्हटलं, "आबा, सोडा की नाद. त्या कारखान्याशी भांडून तुम्हाला काय मिळणार आहे?"

"भांडायचंय कुणाला? मला मनीला दाखवायचंय."

मनी त्यांची एकुलती लेक, भिगवणला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पोरगी बॅग भरून बसली आणि आबांनी फोनवर सांगितलं, "येऊ नगंस. हितलं पाणी वंगाळ हाय." जावयानं मोबाइलवर हाच अहवाल काढला. शून्य! मनी म्हणाली, "आय असती तर असली कारणं सांगितली नसती. बापाला जड झाले मी." आई आदल्याच वर्षी गेलेली. त्या दिवसापासून लेकीनं बोलणं टाकलं. नातू आता शाळेत जातो आणि आबांनी तो फक्त फोटोत पाहिलाय.

"तिचं बी काय चुकलं?" आबा म्हणाले. "सरकारी कागद खरा, का म्हातारा बाप खरा?"

यंदा मी अहवाल उघडला आणि वाचता वाचता अडखळले. शून्य नव्हतं. खाली लिहिलं होतं की तपासणीत गळती सापडली, मागल्या वर्षांचे आकडेही चुकीचे होते, ते आता दुरुस्त केले आहेत. कुणी तपासलं आणि कसं पकडलं, देव जाणे.

"मनीच्या येळचं काय म्हणतोय?"

"तेव्हाही सोडलंय, आबा. रसायनासकट."

म्हातारा चक्क हसला. आपल्या विहिरीत विष आहे हे ऐकून एवढा खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. तडक समोरच्या हॉटेलातून पेढे घेऊन आले आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटले. कुणीतरी विचारलं, "आबा, कशाचं?" तर म्हणाले, "कारखाना नापास झाला."

मग माझ्यापुढं फोन धरला. "तुमीच वाचून दाखवा. माजा आवाज आला की ठिवती ती."

मी मनीला सगळं वाचून दाखवलं, वर्षासकट. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"वहिनी, मग आबा कुठलं पाणी पित्यात?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी आबांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "सांगा, जार इकत घेतो म्हणून."

त्यांच्या घरात मी कधी जार बघितलेला नाही. "विहिरीचंच पितात गं," मी म्हणाले.

आबा डोळे वटारून माझ्याकडं बघायला लागले. फोनमध्ये मनी रडत होती. रडत रडतच म्हणाली, "त्यांच्याकडं द्या."

आबांनी टोपी काढली, फोन कानाला लावला आणि मोठ्या माणसापुढं उभं राहावं तसे उभे राहिले.

"व्हय," ते म्हणत होते. "व्हय, मने. न्हाय. आजपास्नं न्हाय पिणार."