सासूबाई थेट प्रक्षेपणात

चर्चा सुरू व्हायला अर्धा तास उरला होता आणि स्टुडिओत ‘नागरिक’ म्हणून एकच गृहस्थ बसले होते. तेही विजेचं बिल भरायचं म्हणून चुकून या इमारतीत शिरले होते.

राष्ट्रीय वाहिनी कोणाच्या पैशावर चालावी, यावर गेले दोन महिने देशात नुसतं रणकंदन माजलं होतं. घरटी शुल्क घ्यावं, सरकारने करातून द्यावं, की साबणाच्या जाहिराती दाखवून वाहिनीने आपलं पोट आपण भरावं? गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून न्हावी यावर तावातावाने बोलत होते. ज्याला मत नाही असा माणूस औषधालाही सापडला नसता. पण खुद्द राष्ट्रीय वाहिनीने या विषयावर थेट चर्चा ठेवली, तेव्हा तिकडे कोणी फिरकलं नाही. रस्त्यापलीकडच्या खाजगी वाहिनीवर त्याच वेळी हीच चर्चा होती, आणि तिथे चहा-बिस्किटं होती.

कार्यक्रमाच्या निर्मात्याला घाम फुटला होता. केंद्रप्रमुख साहेबांनी त्याला सकाळीच बजावलं होतं, “जनतेचा पाठिंबा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर चर्चा विभाग बंद आणि तुम्ही डोंगरावरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर.” मनोऱ्यावर एक खोली, एक खाट आणि भरपूर वारा होता. आधी तिथे बदली झालेला माणूस पुढे मनोऱ्याशीच गप्पा मारू लागला, असं ऑफिसात सगळे सांगत. निर्मात्याला ही बदली नको होती.

त्याने बायकोला फोन लावला. “आत्ताच्या आत्ता ये. येताना आईंना आण, काकूंना आण, खालच्या मजल्यावरचे सगळे आण.”

“अगंबाई! बरे आहात ना?”

“मी बरा आहे गं. जनता कमी पडतेय.”

कर्मचाऱ्यांनी प्रेक्षकांत बसू नये, असा नियम होता. नातेवाइकांबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक ही वाहिनी बघत असतील, अशी शंकाच नियम करणाऱ्याला आली नसावी.

सासूबाई कडक इस्त्रीचे कपडे घालून, पर्स पोटाशी धरून हजर झाल्या. निर्मात्याने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. “आई, तुम्ही शुल्काच्या बाजूने बोलायचं. ‘मी शुल्क आनंदाने भरते.’ बस्स.”

“खोटं कसं बोलू, जावईबापू?”

“खोटं कुठे? भरताच ना तुम्ही?”

“भरते हो. आनंदाने कुठे भरते?”

तेवढ्यात लाल दिवा लागला. निर्माता काचेमागच्या खोलीत पळाला आणि सूत्रसंचालिकेने हसतमुखाने माइक थेट सासूबाईंपुढे धरला.

“मला शुल्काच्या बाजूने बोलायला सांगितलंय, तर बोलते,” सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “घ्या शुल्क. पण दाखवता काय? दुपारी खुर्ची विणायला शिकवता. मी बघतेय तेव्हापासून एकच खुर्ची चाललीय. बातम्यांत मंत्री फीत कापतात. मागे एकच फीत लागोपाठ दोन दिवस कापली! आणि ती संध्याकाळची चर्चा. चार शहाणी माणसं बसतात आणि एकमेकांना म्हणतात, ‘आपलं म्हणणं रास्त आहे.’ भांडायचंच नाही, तर बोलावता कशाला त्यांना?”

संध्याकाळची चर्चा निर्मात्याचीच होती. त्याच्या टेबलावरचा फोन खणाणला.

“कोण या बाई?” साहेब गरजले.

“जागरूक नागरिक, साहेब.”

“दुसरा कॅमेरा घ्या!”

“तो नुसता दिसायला आहे, साहेब. आत काही नाही.”

“मग समतोल साधा! जितका वेळ विरोध झाला, तितकाच वेळ पाठिंबा हवा!”

समतोल हा वाहिनीचा धर्म होता. निर्मात्याने सूत्रसंचालिकेला इयरफोनवर सांगून माइक बायकोकडे वळवला. जिच्यावर डोळे मिटून विसंबावं, अशी तीच होती.

“मी वाहिनीच्या ठाम बाजूने आहे,” बायको म्हणाली. “शुल्क हवंच. नाहीतर यांचा पगार कुठून व्हायचा?”

“यांचा म्हणजे?” सूत्रसंचालिकेने अख्ख्या नोकरीतला पहिला उपप्रश्न विचारला.

“अहो, आमच्या यांचा! ते काय, काचेमागे, डोक्याला हात लावून बसलेत.”

एकुलता एक कॅमेरा आज्ञाधारकपणे वळला आणि निर्माता घराघरांत पोचला.

“आणि आधी बोलल्या त्या?”

“ती माझी आई. या काकू. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे. ते कोपऱ्यातले मात्र आमच्यातले नाहीत हं.”

वाहिनीचे सगळे फोन एकदम वाजू लागले. असं पूर्वी कधी झालं नसल्यामुळे ऑपरेटरला वाटलं, आग लागली. लोक खाजगी वाहिनी सोडून इकडे वळले होते आणि सगळ्यांचं मागणं एकच होतं, त्या मावशींना बोलू द्या. मावशी बोलल्या. बातम्या त्यांच्यासाठी पुढे ढकलल्या गेल्या. तज्ज्ञांच्या तीन समित्यांना जे जमलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी चुटकीसरशी झालं. शुल्क भरू, असं लोक म्हणाले. फक्त ते कशावर उडवायचं हे मावशींनी बघावं.

“एवढा पाठिंबा जन्मात पाहिला नव्हता! तुमची बदली रद्द,” साहेबांनी निर्मात्याची पाठ थोपटली.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंची वाहिनीच्या मंडळावर दर्शकांच्या प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. त्यांना खोलीही मिळाली, निर्मात्याच्या शेजारची. मधली भिंत काचेची होती. ऑफिसात त्या त्याच्या कार्यक्रमातल्या चुका काढत आणि वेळेअभावी राहिलेल्या चुका घरी जेवताना काढत. खुर्ची एकदाची विणून झाली. चर्चेत लोक कडाकडा भांडू लागले. वाहिनी सुधारत चालली, आणि निर्माता वाळत चालला.

महिनाभराने त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, की माझी डोंगरावरच्या मनोऱ्यावर बदली व्हावी. साहेबांना त्याची दया आली. पण बदलीला आता मंडळाची मंजुरी लागायची. अर्ज काचेपलीकडच्या खोलीत गेला.

सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि जावयाला बोलावून घेतलं. “डोंगरावर? एकटेच?”

“हवा चांगली आहे म्हणतात, आई.”

“आणि काम काय असतं तिथे?”

“तसं... फारसं नसतं.”

सासूबाईंनी अर्ज त्याच्याकडे परत सरकवला. “मग कसं जमायचं, जावईबापू? लोक घरटी शुल्क भरतायत. त्यांच्या पैशाने तुम्हाला डोंगरावर हवा खायला पाठवू? वसूल नको का व्हायला?”

निर्माता आपल्या खोलीत परतला आणि मुकाट्याने कामाला लागला. काचेपलीकडून सासूबाई बघत होत्या.