काकवीची फिरकी

टेबल टेनिसमध्ये मला हरवेल असा माणूस पणदऱ्यात अजून जन्माला यायचाय! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. गावात खेळणारे आम्ही दोघंच आहोत, ही गोष्ट वेगळी.

एक मी, नागेश, दूध संस्थेचा क्लार्क. दुसरे आमचे चेअरमन हिंदुराव आबा, वय अडुसष्ट. संस्थेच्या हॉलमध्ये एक टेबल आहे आणि त्या टेबलात माझा जीव आहे. पण आबांना त्यावर पशुखाद्याची पोती रचायची होती.

"गोदामात घुशींनी उच्छाद मांडलाय. पोती कुठं ठिवू, तुझ्या डोक्यावर?"

"टेबलाला हात लावायचा न्हाय, आबा!"

"मग रविवारी खेळ माझ्यासंगं. जिकलास तर टेबल तुझं. हरलास तर त्याच्यावर पोती!"

"मंजूर!"

मी कशाला भितोय! माझ्याकडे पुण्याहून मागवलेली बॅट होती. गुळगुळीत, चेंडूला धरून ठेवणारं रबर! चेंडू खालून वर घासला की गिरक्या घेत जातो, टेबलावर चटकन उतरतो आणि समोरच्याच्या अंगावर उसळतो. खाली कापला की तरंगत जातो आणि पडल्या जागी अडखळतो. हे सगळं मी मोबाइलवर बघून शिकलो होतो, बायकोच्या, म्हणजे अनिताच्या, शिव्या खात. आणि आबांची बॅट? जुनाट! रबराला कारल्यासारखे दाणे बाहेर आलेले!

रविवारी सकाळचं दूध संकलन उरकलं. आबांनी पोती आधीच दारात आणून ठेवली होती. मला ते झोंबलं.

मी पहिलाच चेंडू जोरात गिरकी देऊन मारला. आबांनी बॅट नुसती आडवी धरली. चेंडू परत आला, मी पुन्हा तसाच मारला आणि तो जाळ्यात!

"काय झालं रं?"

"वारं आलं!"

"खिडक्या बंद हायत की!"

मग मी चेंडू कापला. तोही परत आला. पुन्हा कापला, तर थेट पंख्याकडे निघाला आणि आबांनी वरच्या वर ठोकला! तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. ते दाणे चेंडूला धरतच नाहीत, म्हणून त्याची फिरकीही मोडत नाही. मी पाठवलेली फिरकी माझ्याचकडे उलटी होऊन येत होती! तीन डावांतला पहिला अकरा-तीन असा गेला. आबांनी एक पोतं आणखी आत सरकवलं.

शहाण्या माणसानं इथं साधा चेंडू मारला असता. मी शहाणा नव्हतो, चिडलेला होतो! फिरकी दुप्पट केली तर आबांचे दाणे काय करतील? फिरकी येते पकडीतून आणि पकड येते चिकटपणातून. अनितानं डब्यात चपातीबरोबर काकवी दिली होती. दिली चोपडून बॅटीला!

दुसऱ्या डावाची सर्व्हिस केली. चेंडू गेलाच नाही. बॅटीलाच चिकटून बसला! दूध घालून सामना बघायला थांबलेली माणसं पोट धरधरून हसायला लागली.

"सर्व्हिस कुठं गेली?" आबांनी विचारलं.

"येतीय! दम धरा!"

चिकटा घालवायला मी फाटक्या पोत्यातला मूठभर भुसा बॅटीवर घासला. झालं, पुण्याच्या रबराची सगळी पकड गेली! पण हात तोच, आवेश तोच. खालून वर, पार खांद्यातून! आबांना वाटलं, आता भयंकर गिरकी येणार. त्यांनी त्या बेतानं बॅट खाली झुकवली. चेंडू आला अगदी साधा, गरीब, आणि त्यांच्या बॅटीवरून सरळ जाळ्यात! पुन्हा जाळ्यात! पुन्हा!

"आरं, ह्यात फिरकीच न्हाय!" आबा ओरडले.

"त्योच तर डाव हाय!" मी ओरडलो. इतकं धडधडीत खोटं मी लग्न ठरवतानासुद्धा बोललो नव्हतो.

उरलेले दोन्ही डाव मी मारले! टेबल माझं! आबांनी हात मिळवला, तो काकवीमुळे लवकर सुटेना.

टेबलभर काकवीचे ठिपके पडले होते आणि मुंग्यांची रांग लागली होती. आता दूध संस्थेत काहीही बरबटलं की आमचा उपाय एकच, कॅन धुतात ते कढत पाणी! मी स्वतःच्या हातानं तीन बादल्या ओतल्या आणि टेबल खसाखसा घासलं. आनंदच तेवढा झाला होता.

सोमवारी बघतो तर टेबल मधोमध फुगलेलं! चेंडू टाकला की कुठंही उडायचा, रबर कुठलं का असेना. महिपती सुतारानं टेबलावर हात फिरवला.

"पानी पिलंय ह्यानं. महिनाभर वर जड काय तरी ठिवा, बसंल सपाट."

"किती जड?" मी विचारलं.

आबा दारातल्या पोत्यांकडे बघत राहिले.

सध्या टेबलावर पशुखाद्याची पोती आहेत. पण सामना मी जिंकलोय, हे लक्षात ठेवा! ती पोती माझ्या परवानगीनं ठेवलेली आहेत, तशी पाटीच मी वर लावलीय. काल चौदा होती, आज सकाळी सोळा दिसली. त्या दोन पोत्यांचीही परवानगी मीच दिली असणार. आठवत तेवढं नाही.