हेल्मेटमधलं धुकं

ॲमस्टरडॅमशेजारच्या डीमनमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नीळकंठ हेल्मेट घालून सोफ्यावर बसला होता. समोर टीव्ही चालू होता, पण तो त्याला दिसत नव्हता.

“आता?” शामलाने विचारलं.

“आता पण नाही. सगळं पांढरं.”

“साबण झाला, बटाटा झाला, टूथपेस्ट झाली. चष्म्याला फोडणी तेवढी द्यायची राहिलीये.”

दोष सर्वस्वी नीळकंठचा होता. फेब्रुवारीत त्याची टीम फिनलंडला सहलीला जाणार होती, बर्फावर स्नोमोबिल चालवायला. एका गाडीवर दोघं, डोक्यावर बंद हेल्मेट सक्तीचं. “मोटरसायकल कोणाला येते?” असं मॅनेजर हेंकने मीटिंगमध्ये विचारलं. हेंकने काहीही विचारलं तरी आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसायचा, हा नीळकंठचा वर्षभराचा शिरस्ता. तो म्हणाला, “पुण्यात बारा वर्षं चालवलीये.” हेंक खूश झाला. “मग मी तुझ्या मागे बसतो.”

बारा वर्षं खरीच होती. पण अस्सल पुणेकर हेल्मेट घालतो होय? सरकारने सक्ती केली तेव्हा नीळकंठने निषेधाच्या पत्रकावर सही केली होती, वर चार शेजाऱ्यांच्या आणल्या होत्या. त्यामुळे बंद हेल्मेटात उणे सात नंबरचा चष्मा दोन श्वासांत आंधळा होतो, हे ज्ञान त्याला छत्तिसाव्या वर्षी, शेजाऱ्याचं स्कूटरचं हेल्मेट उसनं आणल्यावर झालं.

एरवी त्याने ते हसण्यावारी नेलं असतं. पण त्याचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीअखेर संपत होतं आणि ते कायम करायचं की नाही, हे हेंक ठरवणार होता. नोकरी गेली की परमिट गेलं, परमिट गेलं की बाडबिस्तरा गुंडाळून परत. ज्याच्या हातात आपलं पोट, त्यालाच मागे बसवून झाडावर आदळायचं, या विचाराने नीळकंठला घास गिळवत नव्हता.

शेवटी शामलाने केसांना लावायचा रिठा काढला. नीळकंठला तो शास्त्रशुद्ध वाटला. त्याने रिठा उकळला, काचांना दोन्ही बाजूंनी लावला, वाळवला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि हेल्मेट चढवलं. टीव्ही दिसला. टीव्हीवरच्या बाईच्या कानातलंसुद्धा दिसलं.

“घरात ठीक आहे,” तो म्हणाला, “पण थंडीत टिकायला हवं.”

सोमवारी सकाळी बाहेर उणे चार होतं. रिठ्याचा आणखी एक जाड हात देऊन नीळकंठ हेल्मेटसकट सायकलवरून ऑफिसला निघाला. ज्या देशात बाया पुढे एक, मागे एक पोर बसवून उघड्या डोक्याने सायकल हाणतात, तिथे हे दृश्य नवं होतं. सिग्नलला एका आजींनी त्याला, डोक्याला लागलंय का, असं हळूच विचारलं. नीळकंठला मात्र पार टोकापर्यंतचा रस्ता लख्ख दिसत होता.

धुकं धरत नव्हतं, कारण वाफेचं पाणी होऊन ते काचेवरून खाली ओघळत होतं. पाण्याबरोबर रिठाही ओघळत होता. ऑफिसात पोचून हेल्मेट काढलं तेव्हा साडेनऊला दोन मिनिटं होती आणि साडेनऊला हेंकबरोबर कॉन्ट्रॅक्टची मीटिंग होती. डच माणसाकडे उशिरा जाण्यापेक्षा न जाणं बरं. नीळकंठने घाईघाईत खिशातल्या रुमालाने तोंड पुसलं, डोळे चांगले चोळून पुसले आणि काचेच्या खोलीत जाऊन बसला.

रिठा डोळ्यांत गेला की काय होतं, ते ज्याच्या गेलाय त्यालाच ठाऊक. हेंकने कागद पुढे ठेवला आणि वर पाहिलं, तर नीळकंठच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

“तू रडतोयस?”

“नो प्रॉब्लेम,” नीळकंठ म्हणाला.

“घरी सगळं ठीक?”

“सगळं उत्तम,” नीळकंठ म्हणाला आणि त्याला हुंदक्यासारखं काहीतरी आलं.

हेंकने पेन खाली ठेवलं. मग त्याने कागद उलटा केला. “खरं सांगतो. मी तुला नाही म्हणणार होतो. कामाबद्दल तक्रार नाही. पण वर्षभरात तू मला एकदाही नाही म्हणाला नाहीस. तुझ्या मनात काय चाललंय, कधी कळलंच नाही. आणि आज तू माझ्यासमोर असा बसलायस.” त्याचा आवाज बदलला. “मला हे कधी जमलं नाही. नोव्हेंबरात बायको गेली सोडून. कुत्राही घेऊन गेली.”

हेंकचे डोळे पाणावले. नीळकंठने घरचे संस्कार स्मरून त्याला आपला रुमाल दिला.

पुढची वीस मिनिटं दोघंही ढसाढसा रडले. काचेपलीकडे सगळी टीम हातात कॉफी घेऊन उभी होती. हेंकने डोळे मिटूनच कॉन्ट्रॅक्टवर सही केली, कायमच्या. “वीस वर्षांत असा रडलो नव्हतो,” तो म्हणाला. “आणि तुला या अवस्थेत स्नोमोबिल नको. तू रेनडियरच्या गाडीत बस.”

संध्याकाळी शामलाने सगळं ऐकून घेतलं. तिला आनंद झाला, मग ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“मन मोकळं केलंस म्हणे त्याच्यापाशी. काय बोललास?”

“काहीच नाही. तोच बोलला.”

“लग्नाला सात वर्षं झाली. माझ्याशीही कधी बोलत नाहीस.”

नीळकंठने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तो बोलायला लागला. वर्षभर किती भीती वाटली, परत जावं लागलं तर तिच्या माहेरी काय तोंड दाखवायचं, तिने स्वतःची नोकरी सोडून त्याच्यामागे इथे येणं फुकट गेलं तर काय, हे सगळं त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले.

शामला लगबगीने उठली आणि गार पाण्याचं भांडं घेऊन आली.

“अजून जळजळतंय ना रे? धू आधी. आल्यापासून सांगतेय, रिठा वाईट.”

“हो ना,” नीळकंठ म्हणाला आणि त्याने डोळे धुतले.